कॅमेरा जुना की नवा?

तुलसीविवाह आटोपले की इंदुरात लग्नसराईची गडबड सुरू होते. मंगल कार्यालयांच्या आणि बगीच्यांच्या तारखा भरत जातात. आचारी, मंडपवाले, बँडवाले यांच्याबरोबर छायाचित्रकारालाही उसंत राहत नाही. याच सुमारास छायाचित्रणावर पोट भरू पाहणाऱ्या तरुणापुढे, तसेच हौसेने ही कला जोपासणाऱ्या नोकरदारापुढेही, एक प्रश्न उभा राहतो. 'फुलफ्रेम मिररलेस' या नावाने ओळखला जाणारा कॅमेरा घ्यायचा, हे त्याने ठरवलेले असते. पण तो काही वर्षांपूर्वीचा, कमी किमतीत मिळणारा घ्यावा, की त्याचीच सुधारलेली नवी आवृत्ती कर्ज काढून घ्यावी? दुकानदार नव्याची भलामण करतो, घरची माणसे जुन्याकडे बोट दाखवतात आणि मित्रमंडळींत तर दोन तट पडतात. प्रश्न यंत्राचा दिसतो. वस्तुतः तो एका कुटुंबाच्या मिळकतीचा असतो. यास्तव त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. पूर्वीच्या एस. एल. आर. कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या बसवलेल्या आरशावर पडे, तेथून वर लोलकात शिरे आणि मग डोळ्यापर्यंत पोहोचे. कळ दाबताच आरसा वर उचलला जाई व प्रकाश मागच्या फिल्मवर पडे. पुढे फिल्मच्या जागी सेन्सर, म्हणजे प्रकाशाचे विद्युत्संकेतांत रूपांतर करणारी पाटी आली. तरी आरसा बरीच वर्षे टिकून राहिला. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसाच काढून टाकलेला आहे. प्रकाश सतत सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसते, तेच चिमुकल्या पडद्यावर छायाचित्रकाराला दिसते. चित्र काळवंडणार की पांढरे पडणार, हे कळ दाबण्यापूर्वीच उमगते. 'फुलफ्रेम' म्हणजे ३६ मि. मी. लांब व २४ मि. मी. रुंद असा सेन्सर. हे माप १९२५ साली बाजारात आलेल्या, ऑस्कर बार्नाक याने घडवलेल्या लायका कॅमेऱ्याच्या फिल्मचे. तेच आजवर चालत आले आहे. स्वयंचलित फोकस असलेला या मापाचा पहिला मिररलेस कॅमेरा सोनी कंपनीने २०१३ साली आणला. निकॉन आणि कॅनन या दोन जुन्या कंपन्या २०१८ साली या क्षेत्रात उतरल्या. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघू लागली आणि जुने-नवे हा वाद घरोघरी पोहोचला.

हा वाद मात्र इंदूरला अगदीच अपरिचित नाही. भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, त्या लाला दीनदयाळांची कारकीर्द याच शहरात सुरू झाली. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १८६६ साली इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. अंदाजपत्रके आणि नकाशे करणारा हा माणूस १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या नादी लागला. महाराजा दुसरे तुकोजीराव होळकर आणि ज्यांच्या नावाने आपले डेली कॉलेज ओळखले जाते, ते सर हेन्री डेली यांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि १९०५ साली निवर्तले.

दीनदयाळांनी कॅमेरा हाती घेतला, तेव्हा ओल्या काचेच्या पद्धतीचा अंमल होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा थर द्यावा लागे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, चित्र टिपून, वाळण्यापूर्वी धुवावी लागे. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. माळव्याच्या उन्हाळ्यात तर तेवढीही सवड मिळत नसेल. म्हणून छायाचित्रकार जेथे जाई, तेथे अंधारा तंबू, बाटल्या आणि पाणी यांचा लवाजमा बरोबर जाई. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि दहा वर्षांच्या आत तशा काचा कारखान्यांत तयार होऊ लागल्या. आता काच आधीच करून ठेवता येई, घरी परतल्यावर सावकाश धुता येई. शिवाय ती इतकी तरल होती की सेकंदाच्या अंशात चित्र उमटू लागले. धावता घोडा, चालती मिरवणूक, हसते मूल ही तोवर कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरची चित्रे आवाक्यात आली.

या उदाहरणातून आपल्याला एक कसोटी मिळते. नवे साधन घेतल्याने, पूर्वी जे काम होतच नव्हते, ते होऊ लागते काय? होत असेल, तर नव्यासाठी पदरमोड करणे शहाणपणाचे. केवळ होत असलेले काम किंचित अधिक सुबक होत असेल, तर तो पैसा दुसरीकडे अधिक उपयोगी पडेल काय, हे पाहावे. ओल्या काचेकडून कोरड्या काचेकडे जाणे हा पहिल्या प्रकारचा बदल होता. आजच्या दोन आवृत्त्यांमधला बदल कोणत्या प्रकारचा आहे, ते आता पाहू.

उदाहरणादाखल सोनीच्या ए-७ मालिकेतील दोन कॅमेरे घेऊ. कारण लग्नाच्या धंद्यात ते पुष्कळांच्या परिचयाचे आहेत. एक २०१८ साली आलेला तिसऱ्या पिढीचा, दुसरा २०२१ साली आलेला चौथ्या पिढीचा. धंद्यातली मंडळी त्यांना 'ए-सेव्हन-थ्री' आणि 'ए-सेव्हन-फोर' म्हणतात. आपण त्यांना सोयीसाठी 'तिसरा' आणि 'चौथा' म्हणू. दोघांच्या सेन्सरचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच, ठोकळमानाने ८६४ चौरस मि. मी. आहे. दोघांना तीच भिंगे लागतात, दोघांत तीच बॅटरी बसते, दोघांचे वजनही जवळजवळ सारखे, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास आहे. मग भेद कशात आहे?

दुकानात सर्वांत आधी सांगितला जातो तो मेगापिक्सेलचा आकडा. तिसऱ्याचा २४, चौथ्याचा ३३. ऐकणाऱ्याला वाटते, चित्र दीडपट चांगले येणार. पण हा आकडा क्षेत्रफळाचा आहे, लांबीचा नव्हे. एखाद्या चौकोनी शेताची प्रत्येक बाजू थोडीशी वाढवली, तरी त्याचे क्षेत्र बरेच वाढते, तसाच हा प्रकार. तिसऱ्याच्या चित्राच्या लांबीत ६,००० बिंदू मावतात, चौथ्याच्या चित्रात ७,००८. म्हणजे एकूण बिंदू सुमारे ३६ टक्क्यांनी वाढले, तरी लांबीतली वाढ जेमतेम १७ टक्केच आहे. छपाईचा उत्तम दर्जा इंचाला ३०० बिंदूंचा धरला, तर तिसऱ्याचे चित्र २० इंच लांब छापता येते आणि चौथ्याचे २३ इंचांहून थोडे अधिक. लग्नाच्या आल्बमचे पान १८ इंच लांब असले, तर त्याला ५,४०० बिंदू पुरतात. तेवढे तिसऱ्यातही आहेत. मोबाइलच्या पडद्यावर पाहणाऱ्याला तर हा भेद दिसणारही नाही. चित्राचा एखादा कोपरा कापून मोठा करायचा असेल, उदाहरणार्थ सिरपूरच्या तलावावर दूर बसलेल्या पक्ष्याचा, तेव्हा मात्र वाढीव बिंदूंचा थोडा उपयोग होतो.

बिंदू वाढले की ओझेही वाढते. असंकुचित मूळ फाइल तिसऱ्यात सुमारे ४८ एम. बी.ची, चौथ्यात सुमारे ६६ एम. बी.ची होते. एका लग्नात ३,००० चित्रे टिपली, तर एकात १४४ जी. बी. आणि दुसऱ्यात १९८ जी. बी. जागा लागेल. प्रत्येक चित्राची दुसरी प्रत ठेवणे हे तर या धंद्यातले पथ्य आहे. म्हणजे ही जागा दुप्पट. जुना संगणक या फायली उघडताना कुरकुरू लागला, तर तोही बदलावा लागेल. कॅमेऱ्याच्या किमतीच्या चिठ्ठीवर हा खर्च लिहिलेला नसतो, म्हणून तो आधी मनाशी मांडून पाहावा.

दुसरा प्रश्न अंधाराचा. रात्रीची वरात, सराफ्यातले दिवे, गाभाऱ्यातल्या समया ही आपल्याकडची नित्याची दृश्ये. कमी प्रकाशात चित्रावर जो रवाळपणा येतो, तो मुख्यतः किती प्रकाश गोळा झाला यावर अवलंबून असतो. आणि तो ठरतो भिंगाच्या छिद्रावर, शटर किती वेळ उघडे राहते त्यावर व सेन्सरच्या क्षेत्रावर. दोघांचे क्षेत्र एकच असल्याने सारख्या मापात छापलेल्या चित्रांत अंधारातला फरक फारसा दिसत नाही. भिंग बदलले, तर मात्र फरक डोळ्यांत भरतो. तिसऱ्याबरोबर पुष्कळदा जे साधे २८ ते ७० मि. मी. चे झूम भिंग मिळे, त्याचे ७० मि. मी. ला छिद्र एफ ५.६ असते. त्याऐवजी ८५ मि. मी. चे एफ १.८ छिद्राचे भिंग लावले, तर सुमारे साडेनऊपट प्रकाश आत येतो. जेथे शटर १/३० सेकंद उघडे ठेवावे लागत होते, तेथे १/२५० सेकंदापेक्षाही कमी वेळ पुरतो. वरातीत नाचणाऱ्या माणसाचा चेहरा पुसट न होता स्पष्ट येतो. साडेनऊपट प्रकाश देणारी सुधारणा तिसऱ्याकडून चौथ्याकडे जाण्यात नाही, ती भिंगात आहे. शिवाय कॅमेऱ्याची काया, म्हणजे धंद्यात जिला 'बॉडी' म्हणतात ती, काही वर्षांत जुनी होते. चांगले भिंग पुढच्या दोन-तीन कॅमेऱ्यांवरही चालते. म्हणून दोन आवृत्त्यांच्या किमतीतल्या फरकात एक उत्तम भिंग येत असेल, आणि ते आपल्यापाशी नसेल, तर जुनी काया आणि नवे भिंग ही जोडी बहुधा अधिक चांगली चित्रे देईल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन्ही कॅमेऱ्यांत हाताचा कंप शोषून घेणारी सोय आहे. तिच्यामुळे राजवाड्याच्या सात मजल्यांचे, खालचे दगडी आणि वरचे लाकडी असे, संध्याकाळच्या प्रकाशात हातात धरूनही स्पष्ट चित्र घेता येते. परंतु ही सोय छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, समोरचा माणूस नव्हे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या जागच्या हलत नाहीत. नाचणारी करवली क्षणभर थांबत नाही. तिच्यासाठी शटरचा वेगच हवा, आणि वेगासाठी प्रकाश हवा.

आता नव्याची खरी जमेची बाजू पाहू. ती फोकसची आहे. दोघांच्याही सेन्सरवर फोकस साधणारी शेकडो केंद्रे आहेत. तिसऱ्यात ६९३, चौथ्यात ७५९. पण महत्त्व केंद्रांच्या संख्येला नसून, समोर काय आहे हे ओळखणाऱ्या गणिताला आहे. तिसराही माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरतो. २०१९ साली कंपनीने दिलेल्या नव्या आज्ञावलीमुळे तो प्राण्यांचे डोळेही ओळखू लागला. चौथा मात्र निवडलेल्या माणसाचा अधिक चिकाटीने पाठलाग करतो. तो क्षणभर कोणाच्या आड गेला, मान वळवून पुन्हा समोर आला, तरी फोकस त्याच्यावरच येतो. अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा वर्षाव होतो, मध्ये दहा हात येतात. अशा वेळी हा पाठलाग कामाचा. पक्ष्यांचा डोळा ओळखण्याची सोयही चौथ्यातच आहे. सिरपूर आणि यशवंतसागर ही इंदुराजवळची दोन्ही पाणथळे २०२२ साली रामसर यादीत आली. तेथे पहाटे दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन जाणाऱ्या पक्षिमित्रांना ही सोय नक्कीच मोलाची वाटेल. अर्थात तेथेही आधी लांब पल्ल्याचे भिंग हवे, मग डोळा ओळखणारी बुद्धी.

दुसरी जमेची बाजू चलच्चित्रांची. हल्ली लग्नाचे केवळ आल्बम पुरत नाहीत, चित्रपटही हवा असतो. तिसऱ्यात चलच्चित्र घेताना डोळ्यावरचा फोकस चालत नाही, चौथ्यात चालतो. तिसरा प्रत्येक रंगाच्या २५६ छटा नोंदवतो, चौथा १,०२४. माहेश्वरी साडीच्या सळसळत्या रेशमावर किंवा मावळतीच्या आकाशावर नंतर रंगसंस्कार करताना, छटा कमी असल्या की पट्टे दिसू लागतात. अधिक असल्या की रंग अलगद एकमेकांत मिसळतात. चौथ्याचा पडदा बाजूला उघडून पूर्ण फिरतो, तिसऱ्याचा केवळ वरखाली कलतो. ज्याचा धंदा मुख्यतः चलच्चित्रांचा आहे, त्याच्यासाठी हा बदल वर सांगितलेल्या कसोटीला उतरतो. पूर्वी जे होत नव्हते, ते येथे होऊ लागते. अशा माणसाने किमतीकडे पाहून तिसरा घेतला, तर वर्षभरात त्याला तो विकावा लागेल आणि दोन्हीकडून नुकसान होईल.

नवे म्हणजे सर्वच बाबतींत सरस, असेही नव्हे. एकदा भरलेल्या बॅटरीवर किती चित्रे निघतात, याचे प्रमाणित माप पडद्याचा वापर करून तिसऱ्यासाठी ७१० आणि चौथ्यासाठी ५८० दिले आहे. याउलट दुसऱ्या पिढीचे हेच माप ३५० होते. म्हणजे दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे येताना बॅटरीने मोठी झेप घेतली, आणि पुढे ती थोडी मागे आली. प्रत्येक पायरीची उंची सारखी नसते. त्यामुळे 'एक पिढी जुना' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोणत्या दोन पायऱ्यांमध्ये आपण उभे आहोत, हे पाहावे लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कार्डाच्या खाचांचे आहे. लग्न, मुंज, साठीशांत हे प्रसंग पुन्हा घडत नाहीत. सप्तपदीची चित्रे ज्या कार्डावर आहेत, ते कार्डच बिघडले तर? पैसे परत करता येतील; क्षण परत करता येणार नाही. त्या गर्दीत नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकणारी आजी पुढच्या वर्षी असेलच, याची शाश्वती कोणी द्यावी? म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर चित्र लिहिणारा कॅमेरा हा या धंद्यात चैनीचा नव्हे, विश्वासाचा भाग आहे. सोनीच्या तिसऱ्यात आणि चौथ्यात दोन खाचा आहेत, दुसऱ्यात एकच होती. निकॉनच्या २०१८ सालच्या पहिल्या झेड-६ मध्ये एकच खाच होती. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत दोन झाल्या. कॅननच्या २०१८ सालच्या ई. ओ. एस. आर. मध्ये एकच खाच होती आणि कंप शोषून घेण्याची सोयही कायेत नव्हती. २०२० सालच्या आर-६ मध्ये या दोन्ही गोष्टी आल्या. म्हणजे सोनीच्या बाबतीत लग्नाची स्थिरचित्रे घेणाऱ्याला जुना चालेल असे म्हणणारा माणूस, निकॉन आणि कॅननच्या बाबतीत नव्याचा पक्ष घेईल, आणि दोन्ही वेळी तो बरोबरच असेल. हौसेने फिरणाऱ्या माणसाला मात्र एक खाचही पुरते.

हवामानाचाही थोडा विचार हवा. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरातून गेर निघते, तेव्हा गुलालाचे लोट आणि पाण्याचे फवारे तिसऱ्या-चौथ्यात भेद करत नाहीत. दोन्ही कॅमेरे धुळीपासून आणि तुषारांपासून काही प्रमाणात संरक्षित आहेत. भिजवण्यासाठी केलेले नाहीत. चौथ्यात एक लहानशी पण उपयुक्त सोय आहे. कॅमेरा बंद करताच शटरचा पडदा सेन्सरसमोर येऊन राहील, असे ठरवून देता येते; भिंग बदलताना धूळ आत जाण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. तिसरा वापरणाऱ्याने भिंग बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली धरण्याची सवय लावून घ्यावी. गेरच्या दिवशी तर भिंग न बदलणे आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची झूल घालणे, हेच दोघांसाठी पथ्य. संगीतसभेत आवाज नको म्हणून निःशब्द शटर लावणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, एल. ई. डी. दिव्यांखाली या दोन्ही कॅमेऱ्यांत त्यामुळे चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. कार्यक्रमापूर्वी रंगमंचाच्या प्रकाशात चार चित्रे घेऊन पाहणे हाच त्यावर उपाय.

जुना कॅमेरा पुष्कळदा वापरलेलाच मिळतो. तो घेताना घोडा घेणारा जसा त्याचे दात पाहतो, तसे काही तपासावे. शटर किती वेळा चालले आहे, हा आकडा काढता येतो. तिसऱ्याच्या शटरचे आयुष्य कंपनीने दोन लाख वेळांचे सांगितले होते, तेव्हा दीड लाखांच्या पुढे गेलेला कॅमेरा तशाच किमतीत मागावा. पांढऱ्या भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे चित्र, छिद्र लहान करून घ्यावे. सेन्सरवर डाग किंवा ओरखडे असतील तर ते तेथे दिसतात. दोन्ही खाचांत कार्ड घालून पाहावे, सगळ्या कळा दाबून पाहाव्या, भिंग बसवून ते डुलत नाही ना हे पाहावे, आणि अर्धा तास चलच्चित्र घेऊन कॅमेरा तापून बंद पडत नाही ना, याची खात्री करावी. मूळ पावती मागावी आणि तिच्यावरचा क्रमांक कॅमेऱ्यावरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा. पावती नसलेला कॅमेरा कितीही स्वस्त असला, तरी तो चोरीचा असण्याचा धोका घेणाऱ्याच्या माथी येतो. दुरुस्तीचे सुटे भाग कंपनीकडून अजून मिळतात काय, हेही विचारून ठेवावे.

आता निर्णयाचा एक साधा मार्ग सुचवतो. गेल्या वर्षभरातली आपली बिघडलेली शंभर चित्रे काढून बसावे. बहुतेक छायाचित्रकार चांगली चित्रे जपतात आणि वाईट पुसून टाकतात. पण खरेदीचा सल्ला देतात ती वाईट चित्रेच. त्यांचे ढीग करावे. समोरचा माणूस हलल्यामुळे किंवा प्रकाश कमी पडल्यामुळे बिघडलेली चित्रे एका बाजूला. त्यांना औषध मोठ्या छिद्राचे भिंग किंवा फ्लॅश. चेहऱ्याऐवजी मागच्या भिंतीवर फोकस गेला, अशी दुसऱ्या बाजूला. त्यांना औषध नवी काया. क्षण चुकला, चौकट फसली, दिव्याचा खांब वराच्या डोक्यातून उगवला, अशी तिसऱ्या बाजूला. त्यांना औषध सराव, आणि तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. कोणता ढीग मोठा आहे, त्यावर पैसा कोठे घालावा, हे आपोआप ठरेल. तरीही मन द्विधा राहिले, तर दोन्ही कॅमेरे एकेका दिवसासाठी भाड्याने घेऊन, एकाच ठिकाणी, त्याच भिंगाने वापरून पाहावेत. जाहिरातीपेक्षा हा एका दिवसाचा अनुभव अधिक खरा असतो.

पैशाबद्दल एकच गोष्ट सांगून ठेवतो. या धंद्यात मिळकत हंगामी असते. चातुर्मासात विवाहाचे मुहूर्त नसतात, पण कर्जाचा हप्ता चातुर्मास पाळत नाही. म्हणून कर्ज काढायचेच झाले, तर हंगामाच्या चार महिन्यांत जे मिळते, त्यातून बाराही महिन्यांचे हप्ते निघतात काय, हा हिशोब आधी कागदावर मांडावा. निघत नसतील, तर तिसऱ्यावर दोन हंगाम काढून, जमलेल्या पैशातून पुढचा कॅमेरा रोखीने घ्यावा. भिंगे आणि बॅटऱ्या तशाच कामी येतील. वाया काहीच जाणार नाही. ज्याचे नवे काम चलच्चित्रांचे आहे आणि हाती मागणी आलेली आहे, त्याने मात्र उगाच काटकसर करू नये. जे हत्यार त्याची मिळकत वाढवणार आहे, ते नवे असो वा जुने, त्याच्या कामाला लागणारेच घ्यावे. आणि जो निव्वळ आनंदासाठी चित्रे काढतो, त्याने जुना घेऊन उरलेल्या पैशात एक भिंग घ्यावे व मांडूचा पावसाळा पाहून यावा.

दीनदयाळांच्या छायाचित्रांपुढे आज आपण उभे राहतो, तेव्हा ती कोणत्या काचेवर घेतली होती, हे फारसे कोणी विचारत नाही. प्रकाश कोठून येत होता, माणूस कसा उभा होता, वास्तू कोणत्या बाजूने पाहिली होती, हेच आपल्याला दिसते. आपल्या काळातही निराळे होणार नाही. तेव्हा लग्नसराईपूर्वी दुकानाची पायरी चढणाऱ्या तरुणाने खिशात पैशाबरोबर त्या बिघडलेल्या शंभर चित्रांची यादीही न्यावी, आणि दुकानदाराने नव्याचे गुण सांगायला आरंभ केला की ती उघडून एकच प्रश्न विचारावा: यातली किती चित्रे या कॅमेऱ्याने वाचली असती?